माब्लीच्या डाव्या कानामागे

“हे डोकं हिवाळ्यात माझ्या भावाजवळ एकटं सोडू नकोस,” ओल्वेन आत्या पाळण्यावर वाकून मला म्हणाली होती, आणि मी हसले होते.

माब्ली तेव्हा एवढीशी होती, पण केस जन्मतःच भरगच्च, तांब्याच्या तारेसारखे लाल. बाळ बघायला येणारा प्रत्येक जण त्यांवरून हात फिरवून काहीतरी गोड बोलून जायचा. ओल्वेन आत्याने मात्र एक बट चिमटीत धरली, दुकानात कापडाचा पोत बघतात तशी चोळून बघितली, ते वाक्य टाकलं आणि चहाकडे वळली. ती माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. तिची जीभ सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे. मला वाटलं, भावाबहिणींचं काहीतरी जुनं शिजत असेल.

शिवाय मला तेव्हा काळज्यांची टंचाई नव्हती. लोकांचे डोळे तपासणं हा माझा पेशा. समोरच्याला स्वतःला न दिसणारं शोधून काढायची सवय लागलेली बाई आई झाली की काय होतं, ते माझ्या नवऱ्याला, गेथिनला विचारा. मी द्राक्षाच्या चार फाका करायचे. आंघोळीच्या पाण्यात आधी मनगट, मग कोपर, मग पुन्हा मनगट बुडवून बघायचे. जिन्याला वरही फाटक आणि खालीही फाटक. बाळ वाढवण्यावरची जितकी पुस्तकं मिळाली तितकी वाचली, पण एकातही सासऱ्यांवर प्रकरण नव्हतं.

माझ्या सासऱ्यांचं नाव इदवल. आमच्याकडे आजोबांना तैद म्हणतात, आणि माब्ली झाल्यापासून मीही त्यांना तैदच म्हणते. आयुष्यभर शाळेची बस चालवली. सासूबाई गेल्यावर गल्लीच्या खालच्या टोकाला एकटे राहतात. गेल्या शरद ऋतूत मी पुन्हा कामावर जायला लागले, तेव्हा गुरुवारी माब्लीला सांभाळायचं त्यांनी आपणहून मागून घेतलं. गुरुवारी ते दाढी करतात. बुधवारीच केळी आणून ठेवतात. त्यांच्या आठवड्यात नाव असलेला वार तेवढा एकच, बाकीचे दिवस म्हणजे नुसतं हवामान.

त्यांच्या हवामानात एक गोष्ट असते, ती म्हणजे लिन बेदू, आमचं डोंगरातलं तळं.

माणसं मे महिन्यात मासे पकडतात, उन्हात, बाही वर करून. आमचे लोक काठच्या लव्हाळ्याला बर्फाच्या बांगड्या चढल्या की बाहेर पडतात. अंगावर चार थर, नाकाचा गाजर झालेला, आणि पाण्यात पुढे बांधलेल्या लाकडी ओट्यावर उभं राहून एक खोटी माशी फेकायची. माशी म्हणजे गळाच्या आकडीवर बांधलेला दोरा आणि केस, दुसरं काही नाही. मग ती इतक्या सावकाश ओढायची की बघणाऱ्याला वाटावं, बाबा उभ्या उभ्याच गेला. थंडीत ट्राउट मासा खोल पाण्यात आळसावून पडलेला असतो. पाठलाग करत नाही. तोंडाजवळ आलेलं, जिवंत वाटणारं काही असेल तरच तोंड उघडतो. न हलता जिवंत कसं दिसायचं, यावर आमच्या क्लबातली मंडळी आख्खा हिवाळा भांडतात. कोणी सशाच्या कानाची लव मानतो, कोणी खारीच्या शेपटीचे केस. केस असा हवा की पाण्यात त्याचं टोक आपलं आपण वळवळलं पाहिजे. ओल्वेन आत्याचं मांजर तैद घरात आले की भिंतीला पाठ लावून बसतं. सासूबाईंच्या लग्नातल्या कोटाची फरची कॉलर पहिल्या नाताळापर्यंत एका बाजूने टकली झाली होती म्हणे.

हे सगळं मला माहीत होतं. चहाच्या वेळी ते गंमत म्हणून सांगितलं जायचं आणि मी गंमत म्हणून हसायचे.

आधी मलम गेलं. माब्लीच्या डायपरखाली लावायचं पांढरं घट्ट मलम, मोठी डबी, नुकतीच उघडलेली. गुरुवारच्या पिशवीतून गेली ती परत आली नाही. दुसरी डबी दिली, तीही आठवड्यात तळाला. मी आधी माब्लीची कातडी तपासली, मग गेथिनची चौकशी केली. शेवटी एका संध्याकाळी तैदच्या दारात उभी असताना कोपऱ्यातल्या त्यांच्या मासेमारीच्या काठीकडे लक्ष गेलं. काठीवर दोरी ओवायच्या बारीक कड्या असतात. प्रत्येक कडीच्या आत पांढरं वर्तुळ होतं. थंडीत ओल्या दोरीचं पाणी कड्यांत गोठतं आणि दोरी अडकते, त्यावर आमच्या लोकांनी ओठांच्या मलमापासून लोण्यापर्यंत सगळं लावून पाहिलंय. तैदनी बाळाचं मलम लावलं होतं.

“ओल राहत नाही बघ,” ते म्हणाले. “डबीवर तसंच लिहिलंय.”

मला हसू आलं. मी त्यांना त्यांची स्वतःची डबी आणून दिली, वर झाकणावर मासा काढला, आणि प्रकरण संपलं असं समजले. लहान चोरी सापडली की माणूस मोठी शोधत नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

जानेवारीत एका शुक्रवारी सकाळी मी माब्लीची टोपी काढली. डाव्या कानामागे अंगठ्याच्या नखाएवढी जागा रिकामी होती. केसच नाहीत, नुसती गुलाबी कातडी.

मी त्या दिवशी काय काय वाचलं ते सांगत नाही. गेथिनने टॉर्च धरून बघितलं आणि उशीला घासून गेले असतील म्हणाला. माझ्या डोक्यात तोवर तीन आजार, एक बुरशी आणि भिंतींचा जुना रंग एवढं जमा झालं होतं. दुपारी माब्लीला घेऊन मी डॉक्टर ट्रेफोरकडे गेले.

डॉक्टर ट्रेफोर म्हणजे स्वच्छ नखांचे, हळू आवाजात बोलणारे गृहस्थ. आमच्या अर्ध्या खोऱ्याच्या छातीचे ठोके त्यांनी ऐकलेत. त्यांनी भिंग घेऊन ती जागा पाहिली. मग आजूबाजूचे केस पाहिले, आणि ते जरा जास्तच वेळ पाहिले. ती केस ओढते का, साबण बदललाय का, गुरुवारी कोणाकडे असते, असं सगळं विचारलं. तैदकडे, असं मी सांगितल्यावर पुन्हा एकदा वाकले. बहुधा काही नसावं, म्हणाले, पण खात्री केलेली बरी. आणि लहानशी कात्री घेऊन रिकाम्या जागेच्या जरा वरची एक बट कातडीलगत कापली, कागदाच्या घडीत नीट आडवी ठेवली, तपासायला पाठवतो म्हणाले.

मला अगदी भरून आलं. आईची भीती इतक्या गंभीरपणे घेणारा डॉक्टर कुठे मिळतो? निघताना त्यांनी सहज विचारलं, हल्ली इदवलला मासे बरे लागतायत, नाही का? मी म्हटलं, हो, येताना शीळ वाजवत येतात. डॉक्टर “हं” म्हणाले.

संध्याकाळी तैदकडे राहिलेला माब्लीचा मोजा आणायला गेले. ते स्वयंपाकघरात किटली ठेवत होते. खिडकीजवळच्या टेबलावर त्यांचा लहान चाप होता, आकडी घट्ट धरून ठेवणारा, आणि त्यात एक अर्धवट बांधलेली माशी. काळं अंग, त्यावर चांदीच्या तारेचे वेढे, आणि मागे शेपूट. लाल.

मी दिवा जवळ ओढला. केस पाहण्यात माझी चूक होत नाही, त्यातून हा केस. तो टोकाकडे इतका निमुळता होत गेला होता की शेवट कुठे होतो ते दिसत नव्हतं. एकदाही कापला न गेलेला केसच असा असतो. मोठ्या माणसाच्या डोक्यावर असलं टोक शोधून सापडत नाही. कात्रीने सगळे बोथट झालेले असतात. मी फुंकर मारली, आणि शेपटी पाण्यातल्या शेवाळासारखी हलली. पुढे कितीतरी वेळ हलत राहिली.

तेवढ्यात कपांचा आवाज आला. मी दिवा होता तिथे सरकवला आणि मोजा शोधू लागले.

तेव्हाच का नाही विचारलं, असं गेथिनने मला नंतर विचारलं. विचारलं असतं तर तैद म्हणाले असते, खार. आमचे मासेवाले माशाची लांबी खोटी सांगतात, जागा खोटी सांगतात, आणि माशी कशाची हे तर सख्ख्या भावालाही खोटं सांगतात. त्यात कोणाला लाज नाही. फक्त एका जागी ते खोटं बोलत नाहीत. क्लबच्या लाकडी खोपीत शेगडीच्या वर एक फळी आहे. हिवाळ्याचा करंडक जो जिंकतो त्याला आपली जिंकलेली माशी त्या फळीत रुतवावी लागते, आणि ती कशाकशाची केलीय ते सगळ्यांसमोर मोठ्याने सांगावं लागतं. एकाने फार वर्षांपूर्वी तिथे थाप मारली होती. त्याच्याशी अजून कोणी बोलत नाही, आणि तो गेला त्यालाही जमाना झाला.

त्या करंडकाचा सामना दोन दिवसांवर होता.

मी चहाचा कप हातात घेतला आणि तैदना सांगितलं की शहरातल्या पाळणाघरात गुरुवारची एक जागा रिकामी झालीय. सोमवारी हो-नाही कळवायचंय.

ते म्हणाले, “का गं पोरी? माझं काही चुकलं?”

“ते तुम्हीच सांगा, तैद,” मी म्हणाले. “रविवारी मी माब्लीला घेऊन तळ्यावर येतेय. बघू.”

त्यांची नजर खिडकीजवळच्या टेबलावर गेली, मग दिव्यावर, मग माझ्यावर. किटली शेगडीवर तशीच राहिली होती. तिच्यातलं पाणी आटून ती करपायला लागली तेव्हा आम्ही दोघं एकदमच उठलो.

रविवारी लिन बेदूची पार काच झाली होती. क्लबवाल्यांनी सकाळी होडी घालून काठचा बर्फ फोडून ठेवला होता आणि त्याचे तुकडे वाऱ्याने एकमेकांवर आपटून भांड्यांसारखे वाजत होते. माब्ली माझ्या पाठीवर, अंगात इतके कपडे की हात खाली येत नव्हते, वर पिवळी टोपी. ओल्वेन आत्या खोपीत मटण आणि कांदापातीचं काउल, आमचं हिवाळी सूप, ढवळत होती. शिट्टीही तिच्याच गळ्यात. सामन्यात दर शिट्टीला सगळ्यांनी एक ओटा पुढे सरकायचं. जोड्या चिठ्ठ्या टाकून पडतात. एकाने मासा पकडला की दुसऱ्याने तो जाळीत पाहायचा, तोंडातली माशी सोडवताना साक्षीला राहायचं, आणि मग मासा परत पाण्यात. तैदची जोडी डॉक्टर ट्रेफोरशी पडली. डॉक्टर गेली तीन वर्षं दुसरे येत होते.

तैदनी लाल शेपटीची माशी लावली होती. मला काठावरून दिसलं नसतं, पण त्यांनी ती मुठीत लपवून फेकली त्यावरून कळलं.

पहिला मासा पहिल्या शिट्टीच्या आतच लागला. बाकी सगळे ओट्यांवर खांबासारखे उभे, आणि तैदची काठी वाकलेली. तैदनी मासा जाळीत घेतला, हसले, आणि हसतच माझ्याकडे बघितलं. मी हात हलवला. त्यांचं हसू थोडं कमी झालं. दुसऱ्या माशाला ते आणखी कमी झालं. तिसऱ्या माशाच्या वेळी त्यांचं तोंड असं झालं होतं, की कोणी म्हणावं यांना मासा नाही, नोटीस लागलीय. जिंकलो तर फळीपुढे उभं राहावं लागणार, आणि समोर सून असणार, हा हिशेब त्यांच्या डोक्यात तेव्हा पूर्ण झाला असावा.

मग काउल प्यायला सगळे खोपीत आले. माब्लीने तैदच्या वाटीतला गाजराचा तुकडा मागितला, त्यांनी फुंकर मारून दिला. मी त्याच्या चार फाका केल्या.

जेवणानंतर मी पाहिलं, त्यांनी लाल माशी कापून टोपीत खोचली आणि साधी काळी माशी बांधली. अर्थ सरळ होता. हरायचं, फळीपासून लांब राहायचं, आणि गुरुवार वाचवायचा. मला राग आला. खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं, कारण हरायला निघालेला माणूसही काठी किती प्रेमाने फेकत होता.

त्यानंतर त्यांना काही लागलं नाही. आणि डॉक्टरांना लागायला लागलं. आधी एक, मग दुसरा. खोपीच्या दारातून ओल्वेन आत्या बघत होती. ती म्हणाली, हा ट्रेफोर इतक्या वर्षांत दुपारी कधी जागा दिसला नव्हता. तिसऱ्या माशाला दोघांची बरोबरी झाली. डॉक्टरांनी जाळी ओट्याला लावली आणि माशी स्वतःच सोडवायला गेले, पण गारठलेल्या बोटांत ती निघेना. साक्षीदार म्हणून तैद वाकले. माशाच्या तोंडात बघितलं. आणि वाकलेलेच राहिले.

मला लांबून वाटलं, कंबर धरली यांची.

मग ते सरळ झाले. डॉक्टरांकडे बघितलं. मग वळून काठावर बघितलं, माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून माब्लीच्या पिवळ्या टोपीकडे. तिथून ते तसेच आपल्या ओट्यावर गेले, काळी माशी दातांनी तोडली आणि टोपीतली लाल काढली. बोटं इतकी गोठलेली की गाठ बसेना. हात काखेत घालायचे, पुन्हा दोरा ओवायचे. ओल्वेन आत्याने शिट्टी तोंडात धरून ठेवली होती. ती म्हणते तिने उशीर केला नाही. मी त्यावर काही बोलत नाही.

त्यांनी फेकलं. ऊन नुकतंच पलीकडच्या उतारावरून पाण्यावर आलं होतं. दोरी बोटांत गुंडाळत ते इतकं हळू ओढत होते की माब्लीला कंटाळा आला आणि ती ओरडली, “तैद, चल!” काठी वाकली.

तो मासा काही फार मोठा नव्हता. संध्याकाळपर्यंत झाला.

खोपीत सगळे दाटीवाटीने उभे होते, ओल्या लोकरीचा आणि काउलचा वास. करंडक म्हणजे कान तुटलेला पितळी पेला, तो तैदनी घेतला आणि लगेच खिडकीत ठेवून दिला. मग टोपी काढली. माशी फळीत रुतवली. ती तिथे थरथरत राहिली, आणि सगळ्यांच्या माना तिच्याबरोबर पुढे झाल्या.

“आकडी दहा नंबरची,” तैद म्हणाले. “दोरा काळा. अंगावर चांदीची तार, चार वेढे.”

मग माशी फळीत आणखी आत दाबली.

“आणि शेपूट?” ओल्वेन आत्या म्हणाली. तिला ते पाळण्यापासून माहीत होतं. तिच्या आवाजात सणाची तयारी होती.

तैदनी माझ्याकडे पाहिलं. मी माब्लीला पाठीवरून काढून कडेवर घेतलं होतं आणि तिची टोपी सैल करत होते. घाई करत नव्हते.

“आधी माझे केस लावून बघितले,” ते म्हणाले. “पांढरे. मासा बघतही नाही. मग ओल्वेनच्या कंगव्यातले घेतले.”

“माझ्या कंगव्यातले?”

“लाल म्हणून घेतले. पण पाण्यात टाकले की रंग उतरतो. डब्यातला रंग, मासे फसत नाहीत त्याला.”

खोपीत कोणी हसलं नाही, कारण हसणाऱ्याला पुढच्या वर्षी काउल मिळालं नसतं. ओल्वेन आत्याने आपले केस आमच्या आजेसासूवर गेलेत, असं खोऱ्याला चाळीस वर्षं सांगितलं होतं. ती चमचा घेऊन भांड्याकडे वळली आणि मागून तिचे कान लाल झालेले दिसले, ते मात्र खरेखुरे.

“शेपूट माब्लीचं आहे,” तैद म्हणाले. “डाव्या कानामागची बट. झोपली होती तेव्हा कापली, कातडीपासून, टोक राखायला. एलेरीला, तिच्या आईला, विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही.” ते माझ्याकडे वळले. “तू घाबरली असशील. ते माझ्या डोक्यातच आलं नाही. यायला हवं होतं.”

फळीसमोर एवढंच बोलायची रीत आहे. त्यांनी टोपी घालायला हातात घेतली आणि पुन्हा खाली केली.

“एक राहिलं. मी एकच बट कापली. आज माशाच्या तोंडात दुसरी पाहिली, ती माझी नाही.”

मग खोपीत जे झालं ते मला समोरच्याच्या बुबुळासारखं स्वच्छ आठवतं. मी माब्लीची टोपी काढली. सगळ्यांनी कानामागे पाहिलं. एक जागा, आणि तिच्या वर दुसरी. मग मी डॉक्टर ट्रेफोरांच्या जॅकेटकडे पाहिलं. तिथे छातीवर ओल्या माशा वाळवायला मेंढीच्या कातड्याचा तुकडा असतो. तुकड्यावर एक माशी होती, अंग हिरवं, बांधणी जरा ढिली, शेपूट तांब्याच्या तारेसारखं.

“डॉक्टर,” मी म्हणाले, “त्या केसांचा रिपोर्ट आला का हो?”

डॉक्टर ट्रेफोरांनी आपल्या काउलच्या वाटीत पाहिलं. बराच वेळ पाहिलं, जणू रिपोर्ट तिथेच तळाशी होता.

“नॉर्मल आहे,” ते म्हणाले.

मग मात्र खोपीचं छप्पर उडायची वेळ आली. ओल्वेन आत्या पाठमोरीच हसत होती, खांदे हलत होते. डॉक्टरांच्या हातातली वाटी कोणीतरी काढून घेतली. माब्लीला वाटलं सगळे तिच्यासाठीच हसतायत, तिनेही टाळ्या वाजवल्या. तिचं काही चुकलं नव्हतं.

तैद एकटेच हसत नव्हते. ते पेला विसरून काठी गोळा करत दारापाशी उभे होते, आणि त्यांना काय विचारायचंय ते मला माहीत होतं. त्यांनी ते विचारलं नाही. मीच गेले. म्हटलं, कात्री यापुढे माझ्या पिशवीत राहील. घरातल्या सगळ्या कात्र्या. नखं कापायचीसुद्धा.

“बरं,” ते म्हणाले.

“आणि किटली नवी घ्या, तैद. गुरुवारी तिला दूध कशात गरम करणार आहात?”

त्यांनी काठी भिंतीला टेकवली, मग पुन्हा उचलली, मग माब्लीला मागितलं. मी दिली.

सोमवारी पाळणाघराला नाही म्हणून कळवलं. वाटलं होतं, आता झोप लागेल.

पण फळीवरची ती माशी सगळ्यांनी पाहिलीय. न कापलेल्या केसाचं टोक म्हणजे काय, हे आता लिन बेदूवर पोराटोरांनाही समजलंय. माब्लीचे केस पहिल्यांदा कधी कापणार, अशी चौकशी माझ्याकडे चष्म्याच्या दुकानात नंबर बदलायला आलेले लोक करतात, आणि चष्मा न बदलता जातात. पोस्टमन तिला बघून खाली वाकतो. पाद्री परवा आशीर्वाद देताना हात डोक्यावर जरा जास्तच वेळ ठेवून उभा होता. शिवाय माब्ली आता चालते, गोड हसते, आणि बिस्किटासाठी कोणाच्याही मांडीवर जाऊन बसते.

गुरुवारी मी शहरात असते. तैद तिला घेऊन दुपारी तळ्यावर जातात; ती खोपीत शेगडीपाशी ओल्वेन आत्याजवळ खेळते, हे माझ्याशी ठरवूनच. कात्री माझ्याकडे आहे. पण खोपीत मासे साफ करायच्या सुऱ्या आहेत, आणि ओल्वेन आत्याने हल्ली केसांना डब्यातला रंग लावणं सोडलंय. ती म्हणते, आजेसासूंचा खरा रंग दाखवायला एक नमुना मिळाला असता तर.

म्हणून एक विनंती. तुम्ही कधी गुरुवारी आमच्या बाजूने जात असाल, तर खोपीत डोकावा. काउल मागा, म्हणजे कोणाला संशय येणार नाही. पिवळ्या टोपीची मुलगी दिसेल. टोपी नीट करतोय असं दाखवून डाव्या कानामागे बघा. दोन जागा होत्या, आता तिथे लव आलीय. तिसरी असेल तर मला दुकानावर कळवा. बाहेर ओट्यावर एक म्हातारा उभा असेल, त्याचे कान झाकलेत का तेही बघा, ते तो कायम विसरतो. मी पाठवलंय हे सांगू नका. आणि डॉक्टर आत बसलेले असतील, तर जाताना पुन्हा एकदा टोपी उचलून बघा.